मोबाईलमुक्त शाळेचं कुलूप

आमच्या मुख्याध्यापकांना मुलांच्या हातातले मोबाईल खुपायला लागले, त्याला कारण मुलं नव्हती. शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेची बातमी फोटोसकट पेपरात छापून आली होती आणि त्या फोटोत आपण नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत येऊन ते म्हणाले, "आपणही शाळा मोबाईलमुक्त करू या." हे वाक्य त्यांनी हातातल्या मोबाईलवरची ती बातमी आम्हाला दाखवत उच्चारलं.

मी हातखंब्याच्या पुढे, हायवेपासून थोडं आत असलेल्या हायस्कुलात मराठी शिकवते. रत्नागिरीतून रोज स्कूटरने जाते-येते. मुलं आजूबाजूच्या वाड्यांमधून येतात. काहींचे बाप बागायतीत, काहींचे बोटीवर, बऱ्याच जणांचे मुंबईत. गाडी चुकली, आली नाही, मध्येच बंद पडली, हे आमच्याकडे नित्याचं. म्हणून पोरांच्या दप्तरात फोन असतो. तो ती दप्तरातच ठेवतात असं नाही, हेही मला माहीत आहे. मुलांच्या हातातल्या फोनची मी काही वकील नाही. कवितेच्या तासाला बाकाखाली अंगठा हलताना दिसला की माझंही डोकं फिरतं. पण आमच्या शाळेत फोनचा बंदोबस्त ज्या मोठ्या माणसांनी केला, त्यांचे अंगठे मी रोज बघत होते.

पालकसभा बोलावली. संस्थेचे अध्यक्ष उशिरा आले आणि उशीर का झाला ते खुर्चीत बसल्या बसल्या कोणाला तरी फोनवर सांगत राहिले. मुख्याध्यापकांनी मोबाईलच्या दुष्परिणामांवर भाषण केलं: डोळे, मान, एकाग्रता, संस्कार. पहिल्या रांगेतले एक पालक मॅच बघत होते, आवाज बंद करून, एवढी सभ्यता त्यांनी पाळली होती. त्यांच्या मागे बसलेल्या एका बाईंच्या पर्समध्ये तीनदा आरती वाजली आणि तिन्ही वेळा त्यांनी फोन काढून, कोणाचा आहे ते सावकाश वाचून, मगच तो बंद केला. "आमची पोरं ऐकतच नाहीत हो, तुम्हीच काहीतरी करा," असं म्हणणाऱ्यांत याच बाई पुढे होत्या. स्वतःच्या घरात, स्वतः विकत घेऊन दिलेल्या वस्तूपुढे हात टेकलेली ती माणसं शाळेकडे अशा नजरेनं बघत होती, जशी नाठाळ कुत्र्याला घेऊन माणसं डॉक्टरकडे येतात.

मी उभी राहिले आणि विचारलं, "घरचा अभ्यास आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. पोरांनी तो कशावर बघायचा?"

"मॅडम, आपण सकारात्मक राहू या," मुख्याध्यापक म्हणाले.

"आणि शाळेच्या वेळात घरून काही निरोप द्यायचा झाला तर? ऑफिसचा फोन रस्त्याच्या कामात तुटला तो अजून जोडलेला नाही. पालकांच्या ग्रुपवर फक्त तुम्हालाच लिहिता येतं."

"माझा नंबर चोवीस तास सुरू असतो," ते छातीवर हात ठेवून म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. टाळ्या कशाला पडल्या ते मला आजही कळलेलं नाही. बहुधा सभा संपत आल्यासारखं वाटलं म्हणून.

असं ठरलं की सकाळी फाटकावर फोन जमा करायचे, ते ऑफिसच्या लोखंडी कपाटात राहतील आणि सुटताना परत मिळतील. त्या कपाटात मुलांनी कबड्डीत मिळवलेले चषक होते. ते प्रयोगशाळेच्या फरशीवर ओळीने मांडले गेले आणि अजून तिथेच आहेत. कपाटाला फीत लावून ती अध्यक्षांच्या हस्ते कापली. दोन शिक्षक मोबाईलवर फोटो काढत होते, तिसरे व्हिडिओ घेत होते. बाहेर फलक लागला. फलकावर मुख्याध्यापकांचा चेहरा अध्यक्षांपेक्षा जरा लहान आणि मुलांचा एकही नाही. चावी एकच, ती मुख्याध्यापकांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. कारकून म्हणाला, एक माझ्याकडे असू दे. ते म्हणाले, "जबाबदारीचा प्रश्न आहे."

पहिल्या आठवड्यातच काय ते दिसलं. ज्यांचे फोन जुने, काच तडकलेले, रबरबँड लावून बांधलेले, ती मुलं रांगेत उभी राहून फोन देत होती. ज्यांचे भारीतले, त्यांच्या पालकांनीच त्यांना सांगितलं होतं, "त्या कपाटात देऊ नको, चोरीला जाईल." अध्यक्षांचा पुतण्या माझ्याच वर्गात होता. त्याच्या मोज्यातून मी फोन काढून घेतला तर मधल्या सुट्टीत मला बोलावणं आलं. मुख्याध्यापक माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याची केस जरा वेगळी आहे. त्याला द्या परत." केस वेगळी कशी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, मोज्यासकट सगळं स्पष्ट होतं.

रांगेत रोज न चुकता फोन देणाऱ्यांत दहावीतली एक मुलगी होती. घाटीवरच्या वाडीतून चालत खाली यायची. बाप मुंबईला एका कंपनीत, आई लोकांच्या बागेत कामाला, आणि घरी एक म्हैस. मुलगी हुशार म्हणावी अशी नव्हती, पण नेमकी होती. निबंधात फुलवून काही लिहायची नाही. जे बघितलं तेच लिहायची. मला ती आवडायची.

सहामाही परीक्षा चालू होती. दिवाळीच्या आधीचे दिवस, सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरचं, गवत वाळून पिवळं पडलेलं आणि जो तो ते कापायला गेलेला. मुख्याध्यापक त्या दिवशी देवरूखला गेले होते. तिथल्या कुठल्याशा मंडळाने त्यांना 'मुलं आणि मोबाईल' या विषयावर व्याख्यानाला बोलावलं होतं, सत्कारही होता. जाताना जुडगा खिशात.

मी दहावीच्या वर्गावर होते. वर्ग ऑफिसला लागून, मध्ये एक भिंत. भूमितीचा पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला होता तेव्हा कपाटातून फोन वाजायला लागला. लोखंडात कोंडलेला आवाज, पण स्वच्छ ऐकू येणारा. पोरं हसली. वाजून थांबला. परत वाजला. ती मुलगी लिहायची थांबली आणि उभी राहिली.

"मॅडम, माझा फोन आहे."

"वाजू दे. थांबेल."

"आईचा आहे. आईच्या नंबरला मी वेगळी रिंग लावलेय." मग म्हणाली, "आई शाळेच्या वेळात कधीच करत नाही."

तिसऱ्यांदा वाजला. मी तिला घेऊन ऑफिसात गेले.

ऑफिसात पर्यवेक्षक होते, कारकून होता आणि विज्ञानाची तरुण शिक्षिका. तिघांच्याही हातात फोन, आणि तिघंही वाजणाऱ्या कपाटाकडे बघत होते. मी माझा फोन काढला. "नंबर सांग आईचा."

तिनं पहिले चार आकडे सांगितले आणि अडली. "नवीन आहे, मॅडम. बाबांनी गणपतीत कार्ड बदलून दिलं. पाठ नाही." कारकुनाने शाळेच्या नोंदीतला नंबर काढून दिला, तो जुना, बंद पडलेला. मग बापाचा लावला, तो तिला पाठ होता. वाजत राहिला.

"बाबा आता उचलणार नाहीत," ती म्हणाली. "कंपनीत गेटवर फोन जमा करून घेतात."

मुख्याध्यापकांना लावला. चोवीस तास सुरू असलेला तो नंबर उचलला जाईना. तेवढ्यात विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "अहो, सर तर लाइव्ह आहेत," आणि त्यांनी स्वतःच्या फोनचा पडदा आमच्यासमोर धरला. मुख्याध्यापक शाल पांघरून माइकपुढे उभे होते. त्यांचाच फोन कोणी तरी समोर धरून सगळं थेट प्रक्षेपित करत होतं. खाली अभिनंदनाचे संदेश सरकत होते, फुलं, जोडलेले हात. विज्ञानाच्या बाईंनी लिहिलं, 'सर, कपाटाची चावी कुठे आहे?' त्यांचा प्रश्न फुलांच्या मधून वर सरकत गेला आणि दिसेनासा झाला. त्यांनी परत लिहिलं. खाली कोणीतरी त्यालाही जोडलेले हात पाठवले.

सर सांगत होते, "या सत्रात माझ्या शाळेत एकदाही मोबाईल वाजलेला नाही." नेमका त्याच क्षणी कपाटात फोन वाजला असं मी सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही, आणि वाजलाही नव्हता. थोडा आधी वाजून थांबला होता. ते थांबणंच मला जास्त भीतीचं वाटलं.

"कुलूप तोडू या," मी म्हटलं.

पर्यवेक्षक खुर्चीतून अर्धे उठले. "मॅडम, शाळेची मालमत्ता आहे. सर चारपर्यंत येतीलच."

"तिच्या घरी काहीतरी झालंय."

"झालं असेलच असं नाही. बायकांना सवय असते, उगीच फोन करायची." मग मुलीकडे वळून, समजूत घालायच्या सुरात, "तू पेपर लिही जा, बाळा. गुण जातील."

हा माणूस निवृत्तीला आला होता. सबंध नोकरीत त्याने एक निर्णय घेतल्याचं मला आठवत नाही, आणि त्याबद्दल त्याला कधी कोणी बोल लावल्याचंही नाही. मी कारकुनाकडे बघितलं. त्याने नजर खाली घातली. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सीनियर आहात," म्हणजे तुम्ही तोडा, आम्ही बघतो.

मी खेळाच्या खोलीतून गोळाफेकीचा लोखंडी गोळा आणला. दोन्ही हातांनी धरून कुलपावर हाणला. पहिला घाव चुकला, कपाटाच्या दाराला खळगा पडला आणि हातात झिणझिण्या आल्या. दुसरा बसला. तिसऱ्या-चौथ्याला कुलूप तसंच राहिलं, कडीच उखडून आली. खिडकीशी दहावीचा अख्खा वर्ग पेपर टाकून जमलेला. पर्यवेक्षक "अहो, अहो" करत होते आणि विज्ञानाच्या बाईंनी स्वतःच्या फोनवर माझा व्हिडिओ घेतला होता, हे मला संध्याकाळी कळलं.

मुलीनं फोन काढून लावला. पलीकडून एका बाईचा मोठा आवाज, आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा. शेजारची काकी होती. "अगो बाय, किती फोन केले तुला! आयेला फुरसा चावलाय सड्यावर. गाडीत घालून सिव्हिलात नेतोय तिला. लवकर ये गो."

फुरसं कोकणात सगळ्यांना माहीत. वीतभर विषारी साप, गवतात दगडासारखा पडून राहणारा. मुलगी रडली नाही. फोन कानालाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"पेपरचं काय करायचं?" पर्यवेक्षकांनी विचारलं.

"तुम्ही सांभाळा," मी म्हटलं. आणखीही काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

स्कूटरवर ती मागे बसली. हायवेचं काम चालूच होतं, वळणावर वळणं, डंपरची धूळ. मी किती वेगाने चालवली ते आठवत नाही. ती मध्येच एकदा म्हणाली, "मॅडम, आईचा पाय कापतील का?" मी नाही म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं.

सिव्हिलमध्ये तिची आई खाटेवर होती, सलाईन लावलेलं, उजवा पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा, हिरड्यांतून थोडं रक्त आलेलं. औषध सुरू झालं होतं आणि वेळेत आणली म्हणून वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. लेकीला बघून ती बाई पहिलं वाक्य बोलली ते असं: "परीक्षा टाकून कशाला आलीस?" दुसरं: "म्हस सड्यावरच बांधलेली ऱ्हायलेय. तेवढी सोडायला सांग कोनाला तरी."

मग हळूहळू कळलं. चावलं तेव्हा ती सड्यावर एकटीच होती. तिला वाचता येत नव्हतं. फोनच्या पडद्यावर लेकीने स्वतःचा फोटो चिकटवून ठेवला होता, त्यावर बोट दाबलं की लेकीला फोन लागायचा. बाकी कोणाला कसा लावायचा ते तिला ठाऊक नव्हतं. म्हणून ती गवतात बसून, पाय ओढणीने बांधून, पुन्हा पुन्हा त्या फोटोवर बोट दाबत होती. फोन वाजत होता आमच्या कपाटात. शेवटी तिने ओरडायला सुरुवात केली, आणि पलीकडे गवत कापणाऱ्या काकीला ते ऐकू गेलं. काकी नसती तर हे लिहायला माझा हात उचलला नसता.

मी बाहेर येऊन व्हरांड्यात उभी राहिले. इतकी चीड मला आयुष्यात कोणाची आलेली नव्हती, आणि ती चीड कोणा दुष्ट माणसाची नव्हती. दुष्ट माणसाचं निदान काहीतरी ठरलेलं असतं. ही सगळी फोटोत येण्यापुरती शाळेची काळजी करणारी माणसं होती.

मुख्याध्यापक परत आले. पहिलं काम त्यांनी केलं ते उखडलेल्या कडीचा फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकण्याचं. खाली 'निषेधार्ह' असं एकाने लिहिलं; तो रजेवर होता, त्याला काय झालं हेसुद्धा माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला नोटीस मिळाली, शाळेच्या मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल आणि परीक्षेचा वर्ग सोडून गेल्याबद्दल. मी उत्तरात लिहिलं, 'दोन्ही गोष्टी मी केल्या आहेत.' त्यावर पुढे काही आलं नाही. असल्या माणसांना भांडायला तयार असलेला माणूस झेपतो, कबूल करणारा झेपत नाही.

दिवाळीनंतर पालकसभा झाली. टाळ्या वाजवणारीच माणसं आता आवाज चढवून बोलत होती. "आमच्या पोरांचे फोन अडवणारे तुम्ही कोण?" आरतीवाल्या बाई सगळ्यांत तावातावाने बोलत होत्या. मॅच बघणारे पालक म्हणाले की त्यांनी तेव्हाच विरोध केला होता. मुख्याध्यापकांनी व्यवस्थेतील त्रुटी असा शब्द वापरला. अध्यक्ष म्हणाले, "भावनेच्या भरात काही गोष्टी घडल्या," आणि माझ्याकडे बघून दयाळूपणे हसले. मग एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "पण मी म्हणतो, शाळेच्या वेळात मुलीला फोन करायचाच कशाला? नवऱ्याला करावा, सरपंचाला करावा."

ती आई मागच्या बाजूला, मुलांच्या बाकावर बसली होती. पायाला अजून पट्टी होती. तिच्या शेजारी लेक. सगळे मागे वळून बघायला लागले तशी ती बाक धरून उभी राहिली. मला वाटलं, आता ही बोलेल, आणि यांची तोंडं बंद होतील.

ती म्हणाली, "चूक झाली सर. परत नाय करणार."

मुख्याध्यापक म्हणाले, "असू दे, असू दे. बसा तुम्ही." आणि वहीत काहीतरी लिहायला लागले. सभेत कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. माफी मागितली गेली, माफी दिली गेली, विषय मिटला. काही पालकांच्या चेहऱ्यावर तर समाधान होतं.

लेकीनं आईच्या दंडाला धरून तिला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली. तिचा आवाज बारीक होता, पण तो हॉल लहान होता.

"आईची चूक नाही. मी फोन दिला, ती माझी चूक. ज्यांनी दिले नाहीत त्यांचे फोन वर्गात होते."

एवढंच बोलली. कोणाचं नाव घेतलं नाही. अध्यक्षांचा पुतण्या दाराशी उभा होता. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले, आणि त्या सबंध हॉलमध्ये लाज वाटणारा तो एकटाच होता हेही पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "मुलांनी मोठ्यांच्या सभेत बोलू नये." मी उठले आणि म्हटलं, "मोठ्यांची सभा कुठे भरली आहे ते सांगा, मी तिकडे जाऊन बसते." मग मी आई-लेकीला घेऊन बाहेर पडले. मागे गोंधळ झाला, तो मी ऐकत बसले नाही.

कपाट त्यानंतर महिनाभर तसंच, दार लोंबकळत उभं होतं. मग नवा नियम निघाला: फोन वर्गशिक्षकांनीच आपापल्या टेबलावर ठेवून घ्यावेत. म्हणजे जबाबदारी खाली ढकलली गेली आणि फलक जागच्या जागी राहिला. मुलीला भूमितीचा तो पेपर परत द्यायला मिळाला, तोही मी तीनदा मागे लागल्यावर. दहावी झाली. आता ती रत्नागिरीला कॉलेजात आहे, मावशीकडे राहते. आईचा पाय पावसाळ्यात दुखतो, म्हणते.

माझ्या टेबलावर रोज एक कापडी पिशवी असते. आवाज बंद करायला लावते, तरी ती पिशवी तासभर थरथरत असते, आत खेकडे भरल्यासारखी. आणि कोणाच्याही घरून फोन आला की मी शिकवणं थांबवून तो उचलते. सहकाऱ्यांना हे विचित्र वाटतं. बहुतेक फोन बिनकामाचे असतात. डबा खाल्लान काय, विचारा. येताना कोथिंबीर आण म्हणावं. एका आजीला फक्त आपल्या फोनचा आवाज मोठा कसा करायचा ते विचारायचं होतं. मी चिडून बोलते आणि ठेवून देते.

परवा एका पोराच्या बापाचा मुंबईहून आला. मी म्हटलं, "अहो, वर्ग चालू आहे."

"माहीत आहे, मॅडम. म्हणूनच केला. आमचा वर्गात बसलाय ना, तेवढंच विचारायचं होतं."

"बसलाय," मी म्हटलं आणि फोन पिशवीत टाकला.